कापलेल्या ५० मिनिटांत कोण होतं?

सुलतान सलाहुद्दीन अय्युबीची ती क्लिप तुमच्या फोनवर कधी ना कधी आली असणारच. जेरुसलेमच्या तटाबाहेर तहाची बोलणी संपली आहेत. हरलेला सरदार बेलियन विचारतो, या शहराची किंमत काय? सुलतान म्हणतो, काहीच नाही. चार पावलं जातो, वळतो, दोन्ही मुठी छातीशी आणून हसत म्हणतो, सगळं काही. मागे नशीद, खाली मोठ्या अक्षरांत सुलतानाचं नाव, आणि पाऊण मिनिटात काम तमाम. ईदच्या आसपास आणि गाझाच्या बातम्या आल्या की ती नव्यानं फिरू लागते.

ही क्लिप रिडली स्कॉटच्या 'किंगडम ऑफ हेवन' या चित्रपटातली. ओळखीतल्या तरुण मुलामुलींना मी त्याबद्दल विचारत असतो. क्लिप जवळजवळ सगळ्यांनी पाहिलेली असते. चित्रपट पाहिलेले थोडे. आणि ज्यांनी पाहिलाय त्यांना 'कुठला पाहिलास, छोटा की मोठा?' असं विचारलं की ते माझ्याकडे बघत राहतात. कारण हा चित्रपट दोन आहेत. मे २००५ मध्ये जगभरच्या थिएटरांत लागला तो १४४ मिनिटांचा. पुढच्या वर्षी घरी पाहण्यासाठी डीव्हीडीवर दिग्दर्शकाची आवृत्ती आली, ती १९४ मिनिटांची. त्याआधी डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात ती थोडे दिवस दाखवली होती, पण बहुतेक जगानं ती पाहिली घरच्या पडद्यावरच. फरक सरळ ५० मिनिटांचा. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या ५० मिनिटांत कोण होतं हे आपण एकदा पाहावं, कारण कात्री कुणावर चालते यात बरंच काही कळतं.

सलाहुद्दीनवर ती फारशी चाललेली नाही, हे आधी सांगून टाकतो. सीरियाचा अभिनेता घासान मसूद यानं साकारलेला सुलतान दोन्ही आवृत्त्यांत जवळपास तसाच आहे. वगळलं गेलं ते एक लहान मूल, आणि त्याच्याबरोबर त्याची आई निम्मी गेली.

जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा चौथा बाल्डविन कुष्ठरोगी आहे, चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा घालून वावरतो. त्याची बहीण सिबिला. थिएटरच्या आवृत्तीत तिची गोष्ट अशी दिसते: देखणी राजकन्या, नवरा गी उद्धट आणि युद्धखोर, म्हणून तिचं मन बेलियनवर जडतं. भाऊ मरतो, ती राणी होते आणि ज्याचा तिरस्कार करते त्याच नवऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवते. पुढे एकदम वेड लागल्यासारखी होते, स्वतःचे केस कापून टाकते. का? पत्ता लागत नाही. २००५ मध्ये अनेक समीक्षकांना ही बाई अर्धवट वाटली. अर्धवटच होती ती, अर्धी कापलेली.

लांब आवृत्तीत तिला एक मुलगा आहे. मामा वारल्यावर तो पाचवा बाल्डविन म्हणून गादीवर बसतो. एके दिवशी कागदावर शिक्का उमटवताना लाखेचा चटका देणारा थेंब त्याच्या हातावर पडतो आणि पोराला काहीच जाणवत नाही. आई ते बघते. आपल्याकडे कुष्ठरोग शोधमोहिमेत घरी येणाऱ्या आशाताई अंगावरचा बधिर चट्टा शोधतात ना, तीच ही खूण. भावाला वर्षानुवर्षं मुखवट्याआड झिजताना पाहिलेल्या त्या बाईला पुढचं सगळं त्या एका क्षणात दिसतं. ती मुलाला मांडीवर घेते, गोष्ट सांगावी तसं काहीतरी पुटपुटते आणि त्याच्या कानात विष ओतते. यानंतर ती नवऱ्याला राजा का होऊ देते आणि आरशासमोर उभी राहून केस का कापते, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिनं योग्य केलं असं मी म्हणत नाही, चित्रपटही म्हणत नाही. पण ती आता माणूस असते, आणि जेरुसलेम का पडलं याच्या उत्तरात तिचंही दुःख धरावं लागतं.

(इतिहासात असं घडल्याचा पुरावा नाही, हेही लक्षात असू द्या. खरा पाचवा बाल्डविन ११८६ मध्ये लहानपणीच वारला. त्याला कुष्ठरोग होता किंवा आईनं मारलं, हे पटकथेचं कल्पित आहे. चित्रपटातला बेलियन फ्रान्समधला लोहार, खरा बेलियन तिकडचाच जन्मलेला सरंजामदार. सिनेमा म्हणून पाहा, पाठ्यपुस्तक म्हणून नको.)

कापलेल्या भागात आणखीही बरंच आहे. सुरुवातीला बेलियन ज्या पाद्र्याला मारतो तो त्याचा सावत्र भाऊ असतो. जंगलात बेलियनच्या बापावर हल्ला होतो तो केवळ खुन्याला पकडायला नसून वारसाहक्काच्या भांडणातूनही होतो. बेलियननं पूर्वी लढाया पाहिलेल्या असतात, त्याला वेढ्याची यंत्रं कळतात. छोट्या आवृत्तीत हा लोहार अचानक अख्ख्या शहराचा बचाव आखायला लागतो तेव्हा हसू येतं, ते यामुळे. शेवटी गी आणि बेलियन यांची एक झुंजही आहे. ती नसती तरी माझं काही बिघडलं नसतं.

आता कात्री का चालली? कटकारस्थान शोधायला जाऊ नका, हिशेब साधा आहे. सव्वातीन तासांचा चित्रपट, मध्यंतर आणि जाहिराती धरल्या तर एका पडद्यावर दिवसाला खेळ कमी बसतात. अडीच तासांच्या आत आणला तर एखादा खेळ वाढतो. हजारो पडदे गुणिले एक खेळ, म्हणजे किती तिकिटं ते तुम्हीच काढा. शिवाय स्टुडिओला साहसपट आणि प्रेमकथा विकायची होती, जाहिरातीही तशाच होत्या. प्रेमकथेतल्या नायिकेला आधीचा एक आजारी मुलगा असणं आणि तिनं त्याला मारणं, हे त्या पोस्टरवर मावणारं नव्हतं. मग मूल गेलं. कुणी तिच्याविरुद्ध काही ठरवलं नव्हतं. लढाई काढता येत नाही, नायक काढता येत नाही, सुलतान तर नाहीच. ज्याच्या जाण्यानं गोष्ट पुढे सरकायची थांबत नाही, असं माणूस शोधलं की बहुतेक वेळा बाई किंवा मूल सापडतं. एवढं करून अमेरिकेत चित्रपट पडलाच. सुमारे १३ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या चित्रपटानं तिथं ५ कोटीही मिळवले नाहीत. बाहेरच्या देशांनी त्याला वाचवलं.

या चित्रपटाबद्दलची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तो पडद्यावर येण्याआधीच, २००४ मध्ये, त्याचा निकाल लागला होता. केंब्रिजचे क्रुसेडचे इतिहासकार जोनाथन रायली-स्मिथ यांनी त्याची संभावना ओसामा बिन लादेनच्या इतिहासात केली. दुसरीकडे लॉस एंजेलिसमधले इस्लामी कायद्याचे प्राध्यापक खालिद अबू अल-फद्ल यांनी पटकथा वाचून हा चित्रपट मुसलमानांबद्दल द्वेष पसरवेल असा इशारा दिला. एकाच कथेवर नेमके उलटे आरोप, आणि दोन्ही विद्वान माणसं! पुढे रॉबर्ट फिस्क या पत्रकारानं बैरूतच्या थिएटरात तो पाहिला आणि वेगळंच लिहिलं. शहर जिंकल्यावर सुलतान एका दालनातून जातो, जमिनीवर पडलेला क्रूस उचलतो आणि अदबीनं मेजावर ठेवतो, तेव्हा बैरूतच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षं यादवी भोगलेल्या शहरातल्या त्या टाळ्या मला कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाच्या वाटतात. न पाहता बोलण्याची सवय आपल्याकडेही कमी नाही. ट्रेलर येतो, त्यातली दहा सेकंदं कुणीतरी कापून पाठवतो आणि निवेदनं, मोर्चे, उलट मोर्चे सुरू होतात. काही चित्रपट खरोखर विष पेरणारे असतात, त्यांना विरोध करायलाच हवा. पण विरोध करणाऱ्यानं तो पूर्ण पाहिलेला असेल तर त्याच्या बोलण्याला धार येते.

लांब म्हणजे चांगलं, असं मात्र समजू नका. 'सिनेमा पॅराडिसो' आठवतोय? इटलीत तो पहिल्यांदा अडीच तासांहून लांब होता आणि चालला नाही. कापून १२४ मिनिटांचा केला, त्यानंतर त्याला कान महोत्सवात पुरस्कार आणि पुढे ऑस्कर मिळालं. कालांतरानं १७३ मिनिटांची आवृत्ती आली. तिच्यात जुनी प्रेयसी पुन्हा भेटते, कुणी काय लपवलं ते सगळं उलगडतं. मी दोन्ही पाहिल्या आणि मला छोटीच हवी. काही गोष्टी न कळण्यातच त्या चित्रपटाचा जीव आहे. आणि हल्ली तर 'आणखी वीस मिनिटं' हा धंद्याचा प्रकार झालाय. 'पुष्पा २' थिएटरात चालू असतानाच त्याची वाढीव आवृत्ती आणली, मग तीच घरी पाहायला दिली. त्या वीस मिनिटांसाठी कुणी जीव टाकावा असं त्यांत काही नाही. म्हणून मोठी आवृत्ती समोर आली की मी आधी एकच बघतो. यात जे परत आलंय ते माणूस आहे की नुसती मारामारी?

आपल्या घरातलं उदाहरण 'शोले'चं. १९७५ मध्ये आणीबाणी चालू होती. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना, म्हणून ऐनवेळी पोलिस येऊन गब्बरला घेऊन जातात असा शेवट करावा लागला. मूळ शेवट पुढे व्हिडिओच्या जमान्यात लोकांना पाहायला मिळाला, आणि २०२५ मध्ये दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात त्या शेवटासकट दाखवली गेली. चर्चा नेहमी या शेवटाचीच होते. मला मात्र अहमदची जास्त आठवण येते.

अहमद, रामगढच्या अंध इमामसाहेबांचा, म्हणजे रहीमचाचांचा मुलगा. ए. के. हंगल बाप, आपला सचिन पिळगावकर मुलगा. मामाचं पत्र आलेलं असतं, जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरी आहे. बाप त्याला समजावून पाठवतो आणि वाटेत तो गब्बरच्या हाती लागतो. त्याच्या मृत्यूचं दृश्य चित्रित झालं होतं. थिएटरात जे आलं त्यात गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि पुढच्याच क्षणी घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. खरं सांगायचं तर सिनेमा म्हणून हेच जास्त परिणामकारक आहे, ते दृश्य नाही याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते नंतर आपण काय कापलं याचं. सगळे गप्प का, असं विचारणारा तो आंधळा बाप आज विनोद झालाय. वर्गात शांतता झाली की मुलं तो संवाद म्हणतात आणि हसतात. त्यापुढचं कुणाला आठवत नाही. घाबरलेलं गाव जय आणि वीरूला हाकलून द्यायला निघतं, तेव्हा ज्याचं पोर गेलंय तोच म्हातारा गावकऱ्यांना सांगतो की या गावासाठी द्यायला मला आणखी मुलगे का नव्हते. हिंदी सिनेमातल्या मुसलमान पात्राच्या तोंडचं एवढं मोठं बोलणं, आणि उरलं काय, तर मीम. इथं सेन्सॉरही नव्हता आणि स्टुडिओही नव्हता. ही कात्री आपली.

तीच आपण सलाहुद्दीनवरही चालवतो. त्या चित्रपटात एक दृश्य आहे, दोन्ही आवृत्त्यांत आहे. एक उतावळा मुल्ला सुलतानाला जाब विचारतो की आपण माघार का घेतली, विजय तर अल्लाहच्या हाती आहे. इजिप्तचा खालिद अल-नबावी यानं तो मुल्ला केलाय. सुलतान शांतपणे सांगतो की निकाल अल्लाह ठरवतो खरा, पण तयारी, सैन्याची संख्या, रोगराई नसणं आणि पाणी मिळणं यांवरही तो ठरतो. मग विचारतो, माझ्याआधी अल्लाहनं मुसलमानांना किती लढाया जिंकून दिल्या? माझ्या मते संपूर्ण चित्रपटातली सर्वांत कामाची जागा ही आहे. अकरावीच्या प्रवेशापासून वॉर्डातल्या निवडणुकीपर्यंत कुठेही लागू पडावी अशी. तिची क्लिप मला आजवर कुणी पाठवलेली नाही. मुठी आवळण्याची येते.

आणि एक गोष्ट १९४ मिनिटांतही नाही. चित्रपटात सुलतान शहरातल्या सर्वांना सुखरूप जाऊ देतो. घडलं त्याहून थोडं वेगळं. ऑक्टोबर ११८७ मध्ये जेरुसलेमचा ताबा मिळाला तेव्हा खंडणी ठरली होती: पुरुषामागे १० दिनार, स्त्रीमागे ५, मुलांना त्याहून कमी, मुदत ४० दिवसांची. गरिबांसाठी एकगठ्ठा रक्कम घेऊन हजारो लोकांना सोडलं, सुलतानानं म्हाताऱ्यांना माफी दिली, त्याच्या भावानं एक हजार जण मागून घेऊन मुक्त केले. तरीही ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो लोक गुलाम झाले, त्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं होती. हे कुणा शत्रूनं लिहिलेलं नाही, सुलतानाचा स्वतःचा चिटणीस इमादुद्दीन अल-इस्फहानी यानं लिहून ठेवलंय. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी याच शहरात केलेल्या कत्तलीशी तुलना केली तर सलाहुद्दीन कितीतरी मोठा ठरतो, त्याच्या काळाच्या मापानं तर फारच. पण पाच दिनार नसलेल्या त्या बाईचं काय झालं, हा प्रश्न विचारल्यानं सुलतान लहान होत नाही. तो न विचारता जे उरतं ते पोस्टर.

हे मी एका तरुण गटात बोललो तेव्हा एक मुलगा थोडा नाराज झाला. म्हणाला, आधीच सगळे आपल्याला नावं ठेवतात, एक माणूस अभिमान वाटावा असा मिळाला तर तुम्ही त्याच्यातही खोट काढता. त्याची नाराजी मला समजते. वर्गात, लोकलमध्ये, भाड्यानं घर शोधताना जे ऐकावं लागतं, ते ऐकून माणूस पाऊण मिनिटाचा आधार शोधणारच. त्याला उत्तर मी दिलं नाही, त्याच गटातल्या एका मुलीनं दिलं. ती म्हणाली, मला सुलतानापेक्षा सिबिला जास्त जवळची वाटली, तिचं मूलच काढून टाकलं हे मला आजच कळलं, मग आपल्या इतिहासातून कोण कोण काढलंय ते कसं कळणार? त्यावर बराच वेळ वाद झाला. मुलगा अजून पूर्ण पटलेला नाही. पण त्यानं मोठी आवृत्ती मागून नेली.

पाहायची असेल तर एक व्यावहारिक सूचना. घरी ऑनलाइन पाहताना नावावर जाऊ नका, लांबी तपासा. १४४ मिनिटं असेल तर ती थिएटरची, १९० च्या पुढे असेल तर दिग्दर्शकाची. एकट्यानं फोनवर पाहू नका. चार-सहा जण जमा, मोठा पडदा नसला तर टीव्ही चालेल, आणि मध्ये चहाला थांबा. त्या आवृत्तीच्या एका प्रतीत मध्यंतर मुळातच ठेवलेलं आहे, जुन्या भव्य चित्रपटांत असायचं तसं, संगीतासकट. बहिणींनाही बोलवा, नुसता चहा करायला नको. नंतर अर्धा तास तरी बोला, विशेषतः त्या आईबद्दल.

खऱ्या सिबिलाचं पुढे काय झालं ते कुठल्याच आवृत्तीत नाही. चित्रपटाच्या शेवटी ती बेलियनबरोबर फ्रान्समधल्या त्याच्या गावाकडून घोड्यावर पुढे निघून जाते. प्रत्यक्षात जेरुसलेम गेल्यावर ती नवऱ्याबरोबर अक्का शहराच्या वेढ्यात, लष्कराच्या छावणीत राहिली. ११९० मध्ये तिथं साथ पसरली. तिच्या दोन लहान मुली आणि ती, तिघीही त्याच छावणीत वारल्या.